राजाचं वाकडं तास

एका राज्यात नांगरानं ओढलेल्या रेघेला तास म्हणत, आणि ते तास सरळ येण्यावर माणसाची सारी अब्रू टांगलेली असे. ज्याचं तास वाकडं, त्याला कुणी मुलगी देत नसे. भर बाजारात म्हातारे त्याला अडवून विचारत, "काय गड्या, डुलकी बैलांना लागली होती की तुला?" हसू नका, रीतच होती तिथली तशी.

त्या राज्याचा राजा धवलसेन. नदीकाठची काळी जमीन त्याच्यापाशी मोजकीच. तेवढ्यात ज्वारी पेरली की राज्याची भाकरी निघे, पण भाजीपाल्याला आणि फळझाडांना जागा उरत नसे. पलीकडे भला थोरला माळ पडला होता, पण तो शापित. राजाच्या आजोबांनी तो नांगरायला घेतला आणि तिथल्या टिटवीनं शाप दिला. टिटवी दिसायला टिटवी, पण होती मोठी जादूगारीण. तेव्हापासून माळावर दिवसभर नांगरलेली माती सकाळी दगड होऊन पडलेली असे. शाप कशापायी, ते आजोबांनी मरेपर्यंत कुणाला सांगितलं नाही. लोक म्हणत, मुहूर्त चुकला असेल.

पुढे राजाची लेक केतकी हिला दिवस मावळला की दिसेनासं झालं. दिवा लावला तरी पोर भिंत चाचपत चाले. राजवैद्य म्हणाला, "महाराज, नुसत्या भाकरी-मिठावर डोळे टिकत नाहीत. हिला हिरवा पाला हवा, गाजर हवं, पपई हवी. राज्यातली निम्मी मुलं अशीच चाचपडतात. असंच चाललं तर उन्हातही दिसणार नाही."

राजा तडक माळावर गेला. टिटवी एका धोंड्यावर उभी होती.

"बाई, शाप मागे घे," राजा म्हणाला. "माझ्या लेकीचे डोळे चाललेत."

"तीन कामं सांगेन," टिटवी म्हणाली. "आपल्या हातानं करावीस. पहिलं काम, माळावरचे दगड वेच आणि बांध घाल."

राजानं दगडाला हात घातला. दगड हलेना. राजानं हुकूम सोडला, दगड जास्तच रुतला. आता राजाच तो, त्याला हुकुमाशिवाय दुसरं काय येणार? अखेर थकून बसला आणि म्हणाला, "बाबा रे, जरा सरकतोस का?" दगड लगेच हलका झाला. मग काय, राजा दगडादगडाला विनवत फिरला. प्रधान लाजेनं तोंड फिरवून उभा राहिला. बांध मात्र पुरा झाला.

"दुसरं काम," टिटवी म्हणाली. "डोंगरापलीकडे मांत्रिकाचं आटलेलं तळं आहे. त्यातला गाळ आणून माळावर पसर."

तळ्याच्या काठी मांत्रिक बसला होता. म्हणाला, "गाळ खुशाल ने. पण जो उचलेल त्याचे हात जन्मभर काळे राहतील."

"राहू देत," राजा म्हणाला आणि टोपली भरू लागला. माळ गाळानं झाकला, तेव्हा राजाचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. राणी पहिल्यांदा चिडली, मग तिला सवय झाली.

"तिसरं काम," टिटवी म्हणाली. "माळ नांगर. एकदा धरलेला नांगर मधे थांबवायचा नाही, उचलायचा नाही. चुकलास तर माळ कायमचा दगडाचा."

राजानं बैल जुंपले. सारं राज्य बांधावर जमलं. म्हातारे डोळे बारीक करून तास बघू लागले. राजाचं तास सुतासारखं सरळ चाललं होतं आणि म्हातारे माना डोलवत होते. निम्म्या माळावर आल्यावर राजाला पुढे खड्यांच्या रंगाची अंडी दिसली. टिटवीनं उघड्या जमिनीवर घातलेली ती अंडी नेमकी तासाच्या वाटेत होती.

थांबायचं नव्हतं, उचलायचं नव्हतं. वळवावं तर तास वाकडं होणार, तेही राजाचं, साऱ्या राज्यादेखत. बांधावरून म्हातारे ओरडले, "महाराज, सरळ धरा."

राजाला केतकी आठवली. भिंत चाचपणारे तिचे हात आठवले. "जरा सरका रे," तो बैलांना हळूच म्हणाला आणि त्यानं नांगर वळवला. बैल अंड्यांना वळसा घालून गेले. बांधावर आधी एकजण फिसकन हसला, मग सगळेच हसले. राजाचे कान लाल झाले, पण त्यानं नांगर सोडला नाही.

शेवटच्या तासाला टिटवी बैलांच्या मानेवरच्या जुवावर येऊन बसली. "तुझ्या आजोबालाही माझी अंडी दिसली होती," ती म्हणाली. "दिसली नसती तर मी शाप दिला नसता. तास वाकडं होईल म्हणून तो सरळ गेला."

दुसऱ्या सकाळी राजा माळावर गेला, तर माती मातीच होती.

मग त्या माळावर मेथी आली, चवळी आली, गाजरं पोसली, शेवगा आणि पपया लगडल्या. राज्यातल्या प्रत्येक ताटात हिरवा घास पडू लागला. हळूहळू रीतही फिरली. आता तिथं कुणाचं तास अगदीच सरळ आलं, तर म्हातारे त्याला अडवून विचारतात, "काय गड्या, काय तुडवून आलास?"

पण राजाच्या मनात राहिली ती एक संध्याकाळ. पहिली भाजी निघून गेली होती, दुसऱ्या पेऱ्यासाठी राजानं स्वतः माळ नांगरला होता. दिवस मावळून गेला होता. केतकी त्याचं काळं बोट धरून बांधावर उभी होती. बराच वेळ ती माळाकडे बघत राहिली.

"बाबा," ती म्हणाली, "तुमचं तास वाकडं आलंय."