नावासाठी निघालेला भुंगेरा

फार पूर्वी घाटमाथ्यावरच्या एका ओल्या कातळावर शेवाळ होतं आणि त्या शेवाळात एक भुंगेरा बायकोसोबत राहत होता. अंगानं मोहरीच्या अर्ध्या दाण्याएवढा. पंख नव्हते, पण मागच्या मांड्या अशा पैलवानी की जवळ जरा काही हललं, की हा उडालाच. खायला शेवाळ, प्यायला दव. उणं म्हणून काही नव्हतं.

पण सुख टोचायला लागलं की माणूस काय नि किडा काय, कुरकुरायला कारण शोधतोच. मधमाशीला नाव, काजव्याला नाव, त्या काटकुळ्या नाकतोड्यालासुद्धा नाव. आपल्याला मात्र शंभर जातींतला एक भुंगेरा, यापलीकडे कुणी ओळखत नाही, हे त्याच्या मनानं घेतलं. बायकोनं सांगून पाहिलं, की पोट भरायला नाव लागत नाही. खरं बोललेलं झोंबतं. नाव मिळवूनच येतो, असं ओरडत तो टणाटणा उड्या मारत घराबाहेर पडला.

कातळाच्या कडेला कारवीचं झुडूप होतं. तिथल्या जाळ्यातून कोळ्यानं त्याला आपणहून हाक मारली. म्हणाला, रानातल्या अर्ध्या किड्यांची नावं मीच ठेवलीत, तुझंही ठेवतो. हुरळलेली मेंढी लांडग्याच्या मागे जाते, तसा हा थेट जाळ्याच्या काठाशी जाऊन बसला.

"नीट निरखल्याशिवाय नाव कसं सुचेल? तू फार उडतोस बाबा. मागचे पाय तेवढे बांधून घेऊ," कोळी म्हणाला, आणि बोलता बोलता एका पायाला धागा गुंडाळलादेखील.

तो दुसऱ्या पायाशी आला, तेव्हा कुठे भुंगेऱ्याच्या डोक्यात उजेड पडला. तो म्हणाला, "कोळीबुवा, आधी नाव तर सांगा."

"आता तुला नाव कशाला हवंय?"

एवढं ऐकलं आणि भुंगेऱ्यानं मोकळ्या राहिलेल्या पायावर सगळा जीव एकवटून उडी घेतली. धागा तुटला. कोलांट्या खात तो शेवाळात उताणा पडला.

बायकोनं पायाला चिकटलेला धागा कुरतडून काढला. नाव मिळालं का, असं तिनं विचारलं नाही. "दोन्ही पाय घेऊन आलात, पुष्कळ झालं. खाऊन घ्या," म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं पलीकडच्या झुपक्यातून हाक मारली, "अहो." शेवाळात नवरे ढिगानं होते आणि सगळ्यांच्या बायका हीच हाक मारत. पण त्या हाकेला उडी मारून गेला तो हा एकटाच, आणि मजेत गेला.

तात्पर्य: मान द्यायला बोलावून जो आधी आपले पाय बांधतो, त्याच्या मानाला लांबूनच नमस्कार करावा.