दुधीचा मांडव आणि अर्धी दाढी

एकदा एक शेठजी होते, शेठजींच्या घरामागे बाग होती आणि बागेतल्या खोलीत त्यांच्या कृपेने राहणारे एक वृद्ध आचार्य होते. आचार्यांजवळ एकच शिष्य उरला होता. बाकीचे त्यांच्या थट्टेला कंटाळून ज्ञानी झाले आणि निघून गेले.

हा मात्र चिकाटीचा. बागेतले पतंग, भुंगेरे, झाडून सारे किडे यांची नोंद करायची, असा त्याने संकल्प सोडला होता. दिवस कलला की दुधीच्या मांडवाशेजारी तो आपलं धुतलेलं धोतर ताणून बांधी, मागे कंदील ठेवी आणि उजेडावर येणारं प्रत्येक पाखरू वहीत उतरवी. कोणी राखी, कोणी पोपटी, कोणाच्या पंखांवर डोळे रेखलेले. कंदील पहाटेपर्यंत जळत राही.

एका सकाळी शेठजी फेरी मारायला आले. दुधीहलवा म्हणजे त्यांचा जीव की प्राण. मांडवावर फुलं उदंड होती, पण त्यांच्यामागचे बोटभर दुधी पिवळे पडून गळत होते. खालचा सडा पाहून शेठजींनी काठी आपटली.

"आचार्य, मी काय पानं खाऊ? येत्या पौर्णिमेपर्यंत वेलाला दुधी धरला नाही, तर सगळं उपटून इथं फरशी घालतो. गोदामाला जागा तरी होईल!"

शिष्याचा चेहरा उतरला. बाग गेली तर नोंद कशाची करायची आणि दोघांनी राहायचं कुठं?

"पण शेठजी, बाग किती संपन्न आहे! माझ्या धोतरावर या बघायला, केवढे पतंग येतात!"

"धोतराचा हलवा होत नाही," असं म्हणून शेठजी चालते झाले.

शिष्याने वेलाला शेणखत घातलं, पाणी घातलं, शेवटी हातही जोडले. वेल काही ऐकेना. आचार्य मांडवाखाली बसून नुसते मिशीतल्या मिशीत हसत.

आणि मग एक दिवस त्यांनी भलताच उद्योग केला. हलवायाला बोलावून फाटकाशी कढई मांडली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारमारून गरम जिलेबी वाटायला सुरुवात केली. त्या वेळी शिष्य ओसरीवर न्हाव्यापुढे गाल फुगवून बसला होता. अर्धी दाढी झाली होती. तेवढ्यात वास आला आणि वस्तरा हवेतच थबकला.

"आलोच हं, महाराज. हलू नका," असं म्हणून न्हावी जो गेला, तो गेलाच. त्याच्यामागून स्वयंपाक करणाऱ्या चंद्राक्काही चुलीवर आधण तसंच सोडून, पदराला हात पुसत निघाल्या.

शिष्य हलला नाही. गालावरचा साबण वाळला, खाजू लागला. पोटात कावळे ओरडू लागले. शेवटी तो तसाच फाटकाशी आला, तर तिथं अर्धा गाव लोटलेला.

"अगबाई, हे कोण?" चंद्राक्का भरल्या तोंडाने म्हणाल्या. "एका बाजूनं ऋषी, एका बाजूनं नवरदेव!"

"गुरुजी, हे काय चाललंय?" शिष्य रडकुंडीला आला.

"नोंद," पाकाची बोटं चाटत आचार्य म्हणाले. "लिही, पंडिता. आमच्या दारी न्हावी विपुल, स्वयंपाकिणी विपुल. केवढा संपन्न गाव!"

"विपुल कसले? माझी दाढी अर्धी राहिलीये, चुलीवर भात नाही!"

"असं होय? मोजायला हजर आणि कामाला गैरहजर?" आचार्यांनी त्याला बाजूला घेतलं. आता त्यांचा आवाज खाली आला. "बाळा, दुधीचं फूल दिवेलागणीला उमलतं. पांढरं का, तर काळोखात पतंगाला दिसावं म्हणून. पतंगाने या फुलावरून त्या फुलावर पराग न्यावा, तेव्हा कुठं दुधी धरतो. नेमक्या त्याच वेळी तू शेजारी फुलाहून लखलखीत धोतर टांगतोस. तो बिचारा डोळे दिपून तिथंच चिकटतो आणि सकाळी बुलबुल त्याची न्याहारी करतो. तुझ्या वहीत तो आला, पण फुलाकडे पोचलाच नाही. पाहा, खुशाल पाहा. पण ज्याला पाहायचं त्याची वाट अडवू नये."

शिष्याने गालावरचा वाळलेला साबण खरवडला. मग म्हणाला, "हे मला आधीच का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं, तर तू लिहून घेतलं असतंस."

त्या संध्याकाळी कंदील लागला नाही. शिष्य मांडवाखाली मांडी घालून बसला. काळोखात एकेक फूल उजळत गेलं. थोड्या वेळाने पंखांची बारीक घरघर ऐकू आली आणि कोणीतरी एका फुलाशी थबकून पुढच्याकडे गेलं. रंग दिसला नाही, जात कळली नाही. शिष्याचा हात पेन्सिलीकडे गेला आणि तसाच मांडीवर परत आला.

पौर्णिमेला शेठजी दोन कोवळे दुधी काखेत मारून, "एवढेच?" असं कुरकुरत घरी गेले. फरशीचा विषय पुन्हा निघाला नाही.

आपणही दारी गर्दी जमवतो आणि ती मोजून खूश होतो. तेव्हा कोणाची तरी दाढी अर्धी राहिलेली असते, एवढं ध्यानात असू द्यावं.