निळी मोटार आणि मानाची खुर्ची

एका खोल खोऱ्यात एक गाव होतं. इतकं खोल, की सकाळी ढग डोंगरावर न जाता अंगणातच उतरून बसत आणि बायका त्यांना हातानं बाजूला सारत चुलीपाशी जात. त्या गावात एक मोटारवाला राहत होता. त्याच्याकडे एक जुनी निळी मोटार होती.

गावाबाहेर पडायला एकच रस्ता होता. तो घाट चढून खिंडीतून पलीकडच्या शहरात जाई. बाजार तिकडे, शाळा तिकडे, दवाखाना तिकडे. मोटारवाला रोज सकाळी माणसं भरून वर निघे. खालून बघणाऱ्याला मोटार धुक्यात शिरताना दिसे, मग नुसता तिचा आवाज, मग तोही नाही. दिवेलागणीला ती ढगातून परत खाली उतरली की पोरं म्हणत, आली आकाशातून.

आता त्या मोटारीतली एक गंमत सांगायला हवी. खरं तर ती गंमत नव्हती, पण गावाला तिची इतकी सवय झाली होती की कुणाला रागही येत नसे.

घाटाचा रस्ता गावच्या मानकऱ्याच्या जमिनीतून गेला होता. म्हणून रिवाज असा, की त्या रस्त्यानं जाणाऱ्या गाडीत मानकऱ्याची खुर्ची असलीच पाहिजे. मोटारवाल्याच्या शेजारी ती खुर्ची होती. जाड सागवान, लोखंडी पाय, हातांवर पितळेचे सिंह, वर मखमली गादी. तीन धट्टीकट्टी माणसं मिळून जेवढी भरतील, तेवढं तिचं वजन. चार मोठ्या नटांनी ती मोटारीच्या तळाशी आवळलेली होती. मानकरी स्वतः तिच्यावर वर्षातून एकदा बसे, जत्रेच्या दिवशी, घरापासून देवळापर्यंत, सपाट रस्त्यानं. घाट त्यानं जन्मात चढला नव्हता. बाकी सारं वर्ष खुर्ची रिकामी घाट चढे आणि रिकामी उतरे. माणसं तिला वाकून नमस्कार करत आणि मागच्या बाकावर हनुवटीला गुडघे लावून बसत.

वर्षं गेली. मोटार थकली. घाटात उसाशाचं वळण म्हणून एक जागा होती, चढ तिथे अंगावर आल्यासारखा उभा राही. त्या वळणावर मोटार खोकू लागली, थरथरू लागली. नवं इंजिन घ्यायची मोटारवाल्याची ऐपत नव्हती. आणि त्याच्या बायकोला, रेवूला, दिवस गेले होते. तिचं बाळंतपण जरा अवघड जाणार, वेळ आली की शहरातच आणा, असं दवाखान्यात बजावून सांगितलं होतं. मोटार खिंड चढली नाही तर रेवूला वर कसं न्यायचं, हा एकच विचार त्याच्या डोक्यात घोंघावत असे.

पहाटे त्याला एक स्वप्न पडे. त्यात मोटार शेवरीच्या कापसासारखी हलकी होऊन वर तरंगू लागे. डोंगर खाली राही, गाव खाली राही. मग कुठूनतरी एक लांब मुळी मोटारीच्या पोटातून जमिनीत उतरलेली दिसे. मोटार ताण देई, मुळी सुटत नसे. तो दचकून उठे आणि पहिलं काम म्हणून पाना घेऊन मानाच्या खुर्चीचे नट आणखी आवळून येई. खुर्ची हललेली मानकऱ्याला खपत नसे.

शेवटी त्यानं पारावर माणसं जमवली आणि सांगितलं, इंजिन बदलता येत नाही, तेव्हा मोटारीचं वजनच कमी करावं लागेल. गाव मदतीला धावून आलं. कुणी म्हणालं टपावरचा कठडा काढ. तो काढला. कुणी म्हणालं तळाचे जाड गालिचे काढ, दारांच्या आतले पत्रे काढ. तेही काढले. मोटार थोडी बरी चालली, आणि आठ दिवसांत पुन्हा खोकू लागली. मग स्टेपनी गेली, जॅक गेला, हत्यारांची पेटी गेली. पेटीतला एकच पाना त्यानं जवळ ठेवला, खुर्चीचे नट आवळायचा. चढावर चाकाखाली लावायचा लाकडी ठोकळा गेला. पेट्रोलसुद्धा तो जाऊन येण्यापुरतंच भरू लागला.

तरी पुरेना. तेव्हा माणसांनी स्वतःला सोलायला सुरुवात केली. बाजारकरणींनी पाट्या अर्ध्या केल्या. शाळेच्या मुलींनी दप्तरं घरी ठेवली आणि वह्या पोटाशी धरल्या. उसाशाचं वळण आलं की सगळे उतरून चालत. गावात भागाआत्या नावाची एक म्हातारी होती. मालिश करायला, अवघडलेल्या बाईला धीर द्यायला सगळे तिलाच बोलावत. तिनं तर आपली काठी घरी ठेवली. "काठीचं काय वजन गं?" असं रेवूनं विचारलं, तर आत्या म्हणाली, "सगळ्यांनी काहीतरी दिलं. माझ्याकडे तेवढंच होतं."

एक दिवस मागचा बाकही निघाला. माणसं उघड्या पत्र्यावर बसू लागली.

खुर्चीचं नाव कुणी काढलं नाही. मोटारवाल्यानंही नाही. शिकलेले होते, अडाणी होते, रोज तिला धक्का लागून गुडघे फोडून घेणारे होते, पण सगळे मूग गिळून बसले. भिऊन गप्प बसले असते तर निदान समजण्यासारखं होतं. त्यांना ती दिसतच नव्हती. इतकी मोठी वस्तू डोळ्यांसमोर असून दिसू नये, यासाठी पिढ्यांची सवय लागते.

मानकऱ्याच्या कानावर गेलं की मोटार आता बरीच हलकी झाली आहे. तो खूश झाला. त्यानं खुर्चीसाठी पितळेचं छत्र पाठवून दिलं.

छत्र बसवलं त्याच आठवड्यात, वेळेच्या आधीच, एका सकाळी रेवूला कळा सुरू झाल्या. धुकं एवढं दाट होतं की गोठ्यातली गाय नुसती घंटेवरून कळत होती. मोटारवाल्यानं मोटार दारात आणली. भागाआत्या भिंती धरत धरत आली. दोघांनी रेवूला आत घेतलं. बाक नव्हता, म्हणून पत्र्यावर गोधडी टाकून तिला निजवलं. समोर मखमली गादीची खुर्ची होती, तिच्यावर छत्र होतं, आणि छत्राखाली कुणीही नव्हतं.

मोटार निघाली. चाकांखाली रस्ता आहे की ढग, ते कळत नव्हतं. झाडं पांढऱ्या पाण्यात बुडाल्यासारखी येत आणि जात. क्षणभर मोटारवाल्याला वाटलं, हे तेच पहाटेचं स्वप्न आहे, आता आपण तरंगू. तेवढ्यात उसाशाचं वळण आलं. मोटार खोकली, थरथरली आणि थांबली. भागाआत्या न सांगता उतरली. काठीशिवाय तिला धड उभंही राहता येत नव्हतं, ती दरडीला धरून राहिली. तरी मोटार चढेना. उलट हँडब्रेक कुरकुरला आणि मोटार बोटभर मागे सरकली. मागे दरी होती. धुक्यामुळे ती दिसत नव्हती, एवढंच.

आत्यानं चाकाखाली दगड सारले. घाटातला दगड भुसभुशीत, त्याचा चुरा झाला. लाकडी ठोकळा घरी चुलीमागे पडला होता. मोटारवाल्यानं पाय ब्रेकवर रोवला. काय काढू? त्यानं मोटारीत नजर फिरवली. काढायला काही उरलंच नव्हतं.

मागून रेवू म्हणाली, "अहो, ती खुर्ची काढा."

"मानकऱ्याची आहे गं."

"ते बसलेत का तिच्यावर?"

त्यानं शेजारी वळून पाहिलं. आणि त्याला खुर्ची दिसली. इतकी वर्षं रोज नमस्कार केलेली खुर्ची त्याला त्या सकाळी पहिल्यांदा दिसली. किती मोठी होती ती. मोटारीत ती नव्हती, तिच्याभोवती उरलेल्या सांदीत मोटार होती.

ब्रेकवरचा पाय न हलवता तो वाकला. पाना जवळ होताच. साऱ्या हत्यारांपैकी तेवढा एक राहिला होता, तोही खुर्चीच्या मानासाठी. त्याच पान्यानं त्यानं पुढचे दोन नट सोडवले. मागच्या दोन नटांपर्यंत त्याचा हात पोचेना. रेवूनं पाना मागितला. एक कळ येऊन गेली की ती पत्र्यावर पडल्या पडल्या नट फिरवी, दुसरी आली की पाना दातात धरी. शेवटचा नट सुटला तसा मोटारवाल्यानं शेजारचं दार उघडलं आणि आत्याला बाजूला व्हायला सांगितलं. मोटार त्या अंगाला कलंडलेलीच होती. खांद्याच्या एका रेट्यानं खुर्ची छत्रासकट धाडकन बाहेर पडली, ती नेमकी पुढच्या चाकाच्या मागे.

रेटा देताना ब्रेकवरचा पाय सुटला, मोटार मागे सरकली, चाक खुर्चीला टेकलं आणि तिथेच थांबलं. लोखंडी पाय रस्त्यात रुतले. त्या खुर्चीनं सगळ्या आयुष्यात पहिल्यांदा कुणाचा तरी भार घेतला.

मोटारवाल्यानं चावी फिरवली. मोटारीनं एक लांब श्वास घेतला आणि ती सरळ चढू लागली. त्याला थांबता येईना, थांबला तर पुन्हा अडकला असता. त्यानं मान बाहेर काढून आत्याकडे पाहिलं. "जा रे पोरा," आत्या म्हणाली, "मी बसते इथंच." आणि ती धुक्यात मागे राहिली. मोटार ढगांतून वर वर गेली. खिंडीत ऊन होतं. खालचा सगळा डोंगर पांढऱ्या कापसात गुंडाळून ठेवला होता.

रेवूला मुलगी झाली. दोघी सुखरूप राहिल्या. संध्याकाळी मोटारवाला एकटा परतला. उसाशाच्या वळणावर पायी जाणाऱ्या बाजारकऱ्यांनी मिळून खुर्ची सरळ करून कडेला ठेवली होती. तिच्यावर भागाआत्या पाय पोटाशी घेऊन छान घोरत होती. त्यानं तिला उठवून मोटारीत घेतलं.

गावात बातमी आधीच पोचली होती. मानकरी पारावर उभा होता. त्यानं मुलीची चौकशी केली नाही. खुर्ची कुठे आहे एवढंच विचारलं. मोटारवाल्यानं सांगितलं, वळणावर आहे. मानकरी म्हणाला, उद्या ती मोटारीत दिसली नाही तर रस्ता बंद, रस्ता माझा आहे. सगळे माना खाली घालून उभे होते. रस्ता बंद झाला तर रेवू आणि लेक पलीकडेच राहतील. खुर्ची परत बसवली तर पुढच्या खेपेला कोण दरीत जाईल, सांगता येत नव्हतं.

तेवढ्यात भागाआत्या मोटारीतून उतरली. "रस्ता तुमचाच आहे, मानकरी," ती म्हणाली. "मग एकदा चालून बघा की त्याच्यावर."

मानकऱ्याला ते फार झोंबलं. सकाळी तो चार गडी घेऊन स्वतः खुर्ची आणायला पायी निघाला.

इकडे मोटारवाल्यानं रात्र पडायच्या आत मागचा बाक पुन्हा बसवला होता. सकाळी स्टेपनी चढवली, हत्यारांची पेटी ठेवली, ठोकळा ठेवला. मग मोटार पारापाशी उभी करून तो वाट बघत राहिला. कुणी पुढे येईना. आधी भागाआत्या आली, हातात काठी होती. ती बाकावर बसली. मग शाळेच्या मुली दप्तरं घेऊन आल्या. मग भरलेल्या पाट्या आल्या. बघता बघता मोटार भरली. मोटारवाल्याच्या शेजारी, जिथे खुर्ची होती, तिथे दोन बायका आणि त्यांच्या कोंबड्या मावल्या.

मोटार सगळ्यांना घेऊन निघाली. उसाशाच्या वळणावर कुणी उतरलं नाही. ती खोकली, कण्हली, पण चढली. परत चढवलेलं सगळं सामान मिळूनही त्या एका खुर्चीएवढं जड नव्हतं.

वळणाच्या टोकाला धुक्यात कुणीतरी दिसलं. मानकरी होता. खुर्चीत बसला होता, पण रुबाबात नव्हे. त्याचं तोंड लाल झालं होतं, भात्यासारखा श्वास चालला होता. गडी बाजूला उभे होते. खुर्ची उचलायला आलेला माणूस खुर्चीतून उठू शकत नव्हता.

मोटारवाल्यानं मोटार थांबवली. एका पोरीनं उतरून चाकाखाली ठोकळा लावला. कुणी नमस्कार केला नाही, कुणी हसलंही नाही.

"मी खिंडीपलीकडे जातोय, लेकीला आणायला," मोटारवाला म्हणाला. "येता का? मागच्या बाकावर जागा होईल."

मानकऱ्यानं बाकाकडे पाहिलं, मग खाली गावाकडे पाहिलं. गाव कुठेच नव्हतं, नुसते ढग होते. मग तो उठला आणि आत शिरला. भागाआत्या काठी आवरून थोडी सरकली. तो हनुवटीला गुडघे लावून बसला आणि मोटार हलली.

खुर्ची अजून तिथेच आहे म्हणतात. वर्षानुवर्षांच्या धुक्यानं मखमल हिरवी झाली आहे. घाट चढून जो दमतो तो तिच्यावर बसतो, आणि श्वास परत आला की पुढच्यासाठी उठतो.

तात्पर्य असं, की ओझं कमी करायची वेळ आली तर म्हातारीची काठी मागण्याआधी रिकाम्या खुर्चीचे नट सोडवावेत.