पळी

"…मग आशीर्वाद का देत नाही, बुवा? व्रतच मागते आहे मी, सुट्टी नाही." हातातली पळी न ठेवताच ऋजुता म्हणाली.

भानुबुवा स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसले होते. दुपारची पंगत नुकतीच उठली होती. बुवा आज पंगतीला बसलेच नव्हते आणि ते ऋजुताच्या बरोबर लक्षात आलं होतं.

पूर्णेकाठच्या त्या लहानशा मठाचे बुवा प्रमुख. ऋजुता कॉलेज सोडून वर्षापूर्वी त्यांच्याकडे आलेली. आल्यापासून तिचं खाणं घटत घटत नावापुरतं उरलं होतं. आता चातुर्मासभर तेही सोडायचं म्हणत होती. भाविक तिच्या पाया पडत, आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडत असे.

भर वैशाखात तिने शाल पांघरली होती.

"थंडी वाजते?" बुवांनी विचारलं. ती काय सांगते, ते त्यांना ऐकायचं होतं.

"तप आहे ते."

"आणि परवा विहिरीपाशी चक्कर आली, ते?"

"तेही."

बुवांनी मान डोलावली. त्या मठाची एक रीत होती. ज्याच्या हातात पळी, त्याने सगळ्यांना वाढायचं आणि सगळ्यांच्या शेवटी जेवायचं. शेवटच्याचं ताट पाहायला अर्थातच कुणी उरत नसे. ऋजुताने कित्येक महिने पळी दुसऱ्या कुणाला दिली नव्हती.

"आज पंगतीत दामोदर किती जेवला?" बुवांनी विचारलं.

"तीन पोळ्या. वरण दुसऱ्यांदा मागितलं. भाजी अर्धी टाकली."

"आणि गिरिजाबाई?"

तेही तिने सांगितलं, अगदी चटणीसकट.

"बरं. काल मी निरूपण कशावर केलं?"

…

ऋजुता आठवू लागली. आठवतच राहिली.

"भूक जिंकली म्हणतेस," बुवा म्हणाले. "मग दिवसभर मनात कोण असतं?"

तिचा चेहरा उतरला. ती हलक्या आवाजात बोलू लागली. स्वप्नातसुद्धा अन्नच दिसतं, म्हणाली. पण घास हातात घेतला की भीती वाटते, आणि कसली ते तिचं तिलाच कळत नाही.

बुवांना फार वाईट वाटलं.

मग त्यांनी सांगितलं की तिच्याबद्दल ते तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंशी बोलून आले होते. या आजाराला नाव आहे, अॅनोरेक्सिया नर्व्होसा. शंभर मुलींत एखादीला तरी होतो, मुलग्यांनाही होतो, आणि कित्येकांचा ओळखूच येत नाही. पाळी थांबते, हाडं ठिसूळ होतात, हृदय मंदावतं. जीवही जातो. आणि उपचार केले तर माणूस बरा होतो, हे बाईंनी दोनदा बजावलं होतं. संध्याकाळी त्या ऋजुताला न्यायला येणार होत्या. तोवर थोडी पेज द्या, एवढंच त्यांचं सांगणं होतं.

"मी आजारी नाही," ऋजुता म्हणाली.

बुवांनी वाद घातला नाही.

"म्हणजे इतके दिवस मी काहीच जिंकलं नाही?"

…

बुवा उठले. तिच्या हातातली पळी त्यांनी धरली. तिने ती घट्ट आवळली. तिची बोटं गार होती.

बुवा ओढत नव्हते, सोडतही नव्हते.

शेवटी तिनेच पळी सोडली.

बुवांनी पाट मांडला, वाटीत पेज वाढली आणि तिच्यासमोर ठेवली. ती गडबडून उठायला लागली. तुम्ही उपाशी आहात, आधी तुम्ही बसा, म्हणाली.

"पळी माझ्याकडे आहे," बुवा म्हणाले. "आता सगळ्यांच्या शेवटी मी…"

ते तिच्याजवळ जमिनीवर टेकले.

"आणि पोरी, मला भूक अजून जिंकता आलेली नाही."