नाक्यावरचं लिंबू

जंगलाला लागून असलेल्या एका गावात लहानू नावाचा एक भोळा गडी राहत होता. सांगितलेलं काम तो अगदी सांगितलं तसंच करी, म्हणून त्याला कोणी फारसं काम सांगत नसे. त्याची सोयरीक मात्र जमली होती. होणारे सासरे झोलबाजी म्हणाले, "आधी नोकरी टिकवून दाखव, मग मुलगी देतो."

ते जंगल अभयारण्य होतं. लहानू तिथल्या नाक्यावर लागला. आडवा बांबू वर करायचा आणि खाली करायचा, एवढंच काम. पहिल्याच दिवशी वनपाल गेडाम साहेबांनी बजावलं, "आत हत्यार न्यायला कायद्यानं बंदी आहे. हत्यार दिसलं की काढून घे. माणूस कोण आहे ते पाहू नको."

"बरं जी," लहानू म्हणाला.

थोड्या वेळानं शामराव न्हावी आला. आतल्या क्वार्टरवर साहेबांची दाढी करायची होती. लहानूनं वस्तरा काढून घेतला आणि साबण, ब्रश, वाटी तेवढी आत सोडली. शामरावही काही कमी नव्हता. त्यानं आधी साहेबांच्या गालांना भरपूर फेस लावला, मग वस्तऱ्याची गोष्ट सांगितली.

साहेब तसेच नाक्यावर आले. "अरे, तो त्याच्या धंद्याचा वस्तरा आहे. पोटापाण्यासाठी लागतं ते अडवू नये."

"बरं जी."

दुसऱ्या दिवशी एकजण बैलगाडी घेऊन आला. गाडीत कुऱ्हाड होती.

"कुऱ्हाड कशाला?" लहानूनं विचारलं.

"धंद्याला."

"धंदा कोणता?"

त्या माणसानं लहानूला नीट न्याहाळलं आणि खरं काय ते सांगून टाकलं. "चोरून सागवान तोडतो."

"पोटासाठी का हौसेनं?"

"पोटासाठीच, भाऊ."

लहानूनं बांबू वर केला. संध्याकाळी गाडी फार जड झाली होती, म्हणून त्यानं मागून ढकलूनही दिली.

साहेबांनी कपाळाला हात लावला. "आता धंदा विचारू नको, पोट विचारू नको. हत्यार म्हणजे हत्यार. ठेवून घे."

"बरं जी."

मग आली वरात. नवरीचं गाव जंगलापलीकडे होतं आणि रस्ता नाक्यावरूनच जात होता. रिवाजाप्रमाणे नवरदेवाच्या हाती कट्यार होती, टोकाला लिंबू टोचलेलं. लहानूनं ती अदबीनं काढून घेतली.

"कट्यारीशिवाय नवरदेव मांडवात कसा नेऊ?" मामा म्हणाला.

"कायदा हाय मामा."

वरात नाक्यावरच बसली. बँडवाल्यांनी येत होती तेवढी गाणी वाजवली आणि शेवटी तेही बसले. मुहूर्त टळला. साहेबांनी धावत येऊन वऱ्हाडाची हात जोडून माफी मागितली, कट्यार परत केली आणि लहानूला बाजूला घेतलं.

"तुला लिंबू दिसलं नाही? लिंबू टोचलेलं हत्यार नवरदेवाचं. ते सोडायचं. बाकी सगळ्यांना अडव, अगदी मी असलो तरी. आता चुकलास तर नोकरी गेली समज."

लहानू घाबरला. नोकरी गेली की झोलबाजी गेले आणि झोलबाजींबरोबर त्यांची मुलगीही गेली. रात्रभर तो लिंबू, लिंबू घोकत राहिला.

दुसऱ्या दिवशी दुपारी जीप आली. आत दोघे दांडगे गडी आणि दोन बंदुका.

"लिंबू नाही," लहानू म्हणाला. "लिंबाशिवाय सोडता येत नाही."

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. जीप वळली आणि थोड्या वेळानं परत आली. आता दोन्ही नळ्यांच्या तोंडात एकेक लिंबू खोचलेलं होतं.

"दोघांचंही लग्न?"

"एकाच मांडवात."

"नवरी कुठं हाय?"

"आत चरतेय," एकजण बोलून गेला. दुसऱ्यानं त्याला कोपरानं ढोसलं.

लहानूनं बांबू वर करून दोघांना नमस्कार केला. थोड्याच वेळात आतून ठो करून आवाज आला. लहानूनं समाधानानं मान हलवली. लग्नात बार उडायचेच.

इतक्यात गावाकडून साहेब सरकारी बंदूक घेऊन धावत आले. "बांबू उचल! शिकारी घुसलेत आत."

"शिकारी नाहीत जी, नवरदेव हायेत. तुमचं लिंबू?"

साहेब ओरडले, पाया पडले, बांबूखालून वाकून जायला गेले तर लहानूनं कमरेला मिठी घातली. आत दुसरा बार झाला. शेवटी साहेब पळत टपरीवर गेले आणि बंदुकीला लिंबू खोचून आले.

लहानूनं लिंबाकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं आणि तो बांबूवर बूड टेकून बसला.

"साहेब, घरी बाईसाहेब असताना? तुमचं दुसरं लग्न लावायला मी माझं पहिलं मोडू काय?"