भुऱ्या सशाचा सुकतळा

जनावरं वहाणा घालायची, तवाची ही गोष्ट. जत्रंत उंच खडकावरनं उडी मारायची शर्यत हुती. भुऱ्या सशाची टाच आठ दिस ठणकत हुती. त्याला एकच घोर लागलेला, पाय मोडला तर लांडग्यापुढं पळायचं कसं?

तो वहाणा शिवणाऱ्या साळिंदराकडं गेला. "तात्या, वहाणंत टाचंखाली घालायला सुकतळा द्या. उद्या उडी हाय, जीव घाबरा झालाय."

तात्यानं दोन सुकतळे टाकले, एक कापसाचा, एक जाड कातड्याचा. भुऱ्यानं पंजानं दाबून बघितलं. "कापसाचाच द्या. लोण्यागत हाय."

"येड्या, हातावर उडी मारणार हाईस का? पायात घाल आन् त्या धोंड्यावरनं मार!"

भुऱ्यानं मारली. कापूस पापडागत चेपला आन् कळ गुडघ्यापातूर गेली. मग कातड्याचा घालून मारली. टाच जाग्यावर ऱ्हायली.

"पर मधी बोचतंय, तात्या."

"बोचू दे! दिसभर घालून हिंड, बसंल पायाला."

दुसऱ्या दिशी शर्यतीत भुऱ्या चौथा आला. सगळी हसली. सांजच्याला घरला जाताना लांडगा मागं लागला. तिथं मात्र भुऱ्या पयला आला.