तांबडी मोटार आणि चाकाखालचं लिंबू

घाटात बोगदा नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. भुजंगरावांची तांबडी मोटार वळणं घ्यायला मोठी हौशी. पण तिचं वय झालं, तसा भुजंगरावांचा जीव तिच्यात इतका गुंतला, की ते तिला बाहेरच काढीनात. रोज पुसायचे नि वर गोधडी घालायचे.

इंजिनात बिऱ्हाड केलेली उंदरीण म्हणाली, "नशीबवान गं बाई तू! केवढं जपतात."

"जपतात की पुरतात गं? सांधे धरले माझे. असंच चाललं तर भंगारातच जायची मी."

दसऱ्याला भुजंगरावांनी तिला हार घातला, चाकाखाली लिंबू ठेवलं नि किल्ली फिरवली. मोटार नुसती खोकली. आता लिंबू चिरडल्याशिवाय पूजा कशी पुरी व्हायची?

"ढकला रे!" भुजंगरावांनी गल्लीला हाक मारली. लिंबू चिरडलं, उतार लागला, नि धडधडत इंजिनात जीव आला.

"उंदरीणबाई, उतर खाली!" म्हणत मोटार जी सुटली, ती थेट घाटमाथ्यावर. वळणावळणाला भुजंगराव पोरासारखे हसत होते.

संध्याकाळी ती धुळीनं माखून घरी आली. भुजंगरावांनी फडकं उचललं, तिच्याकडं बघितलं नि खाली ठेवलं. "राहू दे. उद्या पुन्हा जायचंय."

गोधडी मग उंदरिणीच्या बाळंतपणाला कामी आली.